वाचकांचे प्रश्न : मीटरच्या मागची नोकरी

वीजवितरण कंपन्यांना मीटर, संदेशवहन आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत वाढली आहेत, आणि त्याला कारणही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. एवढे काम एकदम निघाल्यावर काल पन्नास माणसांची असलेली कंपनी आज पाचशेंची झाली, यात नवल नाही. नोकरीची बहुतेक वर्षे मी वीजवितरणाच्या चाचणी विभागात काढली आणि निवृत्तीनंतर अशा दोन कंपन्यांना सल्ला दिला, त्यामुळे काम देणारे आणि काम घेणारे या दोघांच्याही अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. या अंकात चार पत्रांना उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातील प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अडीच वर्षांपासून काम करते. वितरण कंपन्यांच्या स्मार्ट मीटरमधून येणारे आकडे गोळा करणारी आणि तपासणारी प्रणाली आम्ही बनवतो. मी रुजू झाले तेव्हा आम्ही साठ जण होतो, आज चारशेच्या वर आहोत. मागच्या दिवाळीनंतर मला नऊ जणांच्या गटाची प्रमुख केले. त्यांतील सहा जणांना अजून वर्षही झालेले नाही. दर आठवड्याला नवी मागणी आणि नवी तारीख येते. त्यातच मला तीन आठवडे एका जिल्ह्याच्या ठिकाणी वीज कार्यालयात बसायला पाठवले. तिथले अधिकारी आधीच संतापलेले होते आणि सगळा राग माझ्यावर निघाला. माझ्या मैत्रिणी मोठ्या नावाच्या कंपन्यांत आहेत आणि त्यांना असे काही करावे लागत नाही. मी खरोखर काही शिकते आहे की नुसतीच धावते आहे, हेच मला कळेनासे झाले आहे. इथे राहावे की सोडावे?
— एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील त्या तीन आठवड्यांपासूनच सुरुवात करतो. ते दिवस तुम्ही शिक्षा भोगल्यासारखे लिहिले आहेत. मला मात्र असे वाटते की अडीच वर्षांत तुमच्या कामाचे खरे रूप तुमच्यासमोर आले ते त्याच दिवसांत.

पुण्यात बसून तुम्हाला दिसते ती आकड्यांची साखळी. मीटर, त्यातील सिम किंवा रेडिओ लहरींचे जाळे, तिथून आकडे उतरवून घेणारी हेड-एंड प्रणाली, ते आकडे पारखणारी मीटर डेटा व्यवस्थापन प्रणाली, आणि शेवटी बिल. अर्ध्या तासाला एक नोंद धरली तर एका मीटरच्या दिवसाला ४८ नोंदी होतात आणि दहा लाख मीटरच्या ४ कोटी ८० लाख. दहा लाखांपैकी ९९ टक्के मीटरचे आकडे वेळेवर आले की तुमच्या बैठकीत समाधान व्यक्त होत असेल, आणि ते योग्यच आहे, कारण ते साधणे सोपे नाही. परंतु उरलेला एक टक्का म्हणजे दहा हजार घरे असतात, आणि ती घरे कोणत्या ना कोणत्या उपविभागातील अभियंत्याच्या वाट्याला येतात. त्याला ठरलेल्या तारखेला बिले काढावीच लागतात. आकडा आला नाही की सरासरी बिल जाते, आणि ते बिल हातात घेऊन ग्राहक बाणेरला येत नाही, त्या अभियंत्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहतो. तुमच्यावर चिडलेल्या अधिकाऱ्याने त्याच सकाळी किती जणांचे ऐकून घेतले असेल, याचा विचार केलात तर त्या रागातील बरेचसे तुमच्यासाठी नव्हते हे ध्यानात येईल.

माझ्या नोकरीतील एक प्रसंग सांगतो. एका जुन्या इमारतीत जिन्याखालच्या लाकडी फळीवरचे चौदा मीटर एका दिवसात बदलले गेले. मीटर चांगले होते, तपासून आणलेले होते आणि वाचनही नियमित येत होते. केवळ नोंदणी करताना दोन मीटरचे ग्राहक क्रमांक अदलाबदल झाले. त्यातील एका खोलीत एकट्या राहणाऱ्या आजी होत्या आणि दुसऱ्या खोलीत सहा माणसांचे कुटुंब. सात महिने आजींना त्या कुटुंबाचे बिल येत राहिले आणि त्या ते काटकसर करून भरत राहिल्या, कारण संगणकातून आलेले बिल चुकणार नाही असे त्यांना आमच्याच खिडकीवर सांगण्यात आले होते. शेवटी एका लाइनमनने ती चूक शोधली. त्याने आजींच्या घरातील मेन स्विच बंद केला आणि फळीसमोर उभे राहून कोणत्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबतो ते पाहिले. त्या सात महिन्यांची रक्कम आम्ही परत केली, पण खिडकीवर दिलेले ते उत्तर मला आजही बोचते.

हा प्रसंग तुम्हाला सांगण्याचे कारण असे की आजच्या प्रणालीला ही चूक सात महिने लपू देण्याचे काहीच कारण नाही. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांचा वापर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावा, आणि एकाच इमारतीत एकाचा वापर एकदम चढला व दुसऱ्याचा तेवढाच उतरला तर ती जोडी वेगळी काढून प्रत्यक्ष तपासणीला पाठवावी, एवढा नियम तुमच्या गटातील कोणीही आठवड्याभरात लिहू शकेल. मात्र तो लिहिण्याची गरज ज्याला सुचेल, त्याने ती लाकडी फळी पाहिलेली असली पाहिजे. मोठ्या नावाच्या कंपनीतील तुमच्या मैत्रिणींना जे मिळत नाही असे मी म्हणतो, ते हेच.

आता याहून गंभीर गोष्ट. स्मार्ट मीटर आकडे पाठवतो तसाच आज्ञा मिळाल्यावर घराचा वीजपुरवठा तोडतोही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात दीड लाखांहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज अशीच गेली. तारा तुटल्या नव्हत्या, रोहित्रे जळाली नव्हती. मीटरना पुरवठा तोडण्याची चुकीची आज्ञा गेली होती. तुमच्या हाताखाली वर्षही न झालेले सहा जण आहेत, हे वाक्य वाचताना मला पहिल्यांदा तीच घटना आठवली. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत नव्या माणसाला लवकर कामाला लावण्याची घाई असते, आणि चाचणीच्या संगणकावर चालणारा हात चालत्या प्रणालीवर कधी पोहोचला हे कोणी लिहून ठेवत नाही. गटप्रमुख म्हणून तुम्ही या आठवड्यातच काही गोष्टी विचारून घ्या. पुरवठा तोडण्याची आज्ञा कोण देऊ शकतो? एका वेळी किती मीटरना ती जाऊ शकते, आणि ती संख्या ओलांडली तर प्रणाली आपणहून थांबते का? दुसऱ्या माणसाच्या संमतीशिवाय ती पुढे जाते का? रुग्णालये आणि पाणीपुरवठ्याचे पंप यांचे मीटर त्या यादीतून वेगळे ठेवले आहेत का? उत्तरे तोंडी घेऊ नका. आणि त्या सहा जणांना चालत्या प्रणालीची परवानगी मिळण्यापूर्वी एकदा मीटर चाचणी केंद्रात नेऊन, एका कळीने समोरचा दिवा कसा विझतो, हे त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या.

धावपळीविषयी लिहिले आहे, त्याचे मूळ बहुधा असे आहे की तुमची कंपनी तिमाहीच्या हिशेबाने चालते आणि तुमचे ग्राहक वेगळ्याच हिशेबाने. वीजवितरणाचे वर्ष पावसाने आणि मार्चअखेरीने बांधलेले असते. जूनच्या पहिल्या वादळापासून खांब पडतात, झाडे तारांवर येतात, आणि शाखा अभियंता रात्र-रात्र वाहिन्या सुरू करण्यात गुंतलेला असतो. त्या दिवसांत त्याला नव्या स्क्रीनच्या प्रशिक्षणाला बोलावले तर तो येणार नाही, आणि आला तरी त्याचे मन तिथे नसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे कार्यालय थकबाकीच्या वसुलीवर बाहेर असते. तुमच्या तारखा ठरवणाऱ्या माणसाने हे वर्ष कधी पाहिलेले नसेल, तर त्या तारखा चुकणारच, आणि चुकल्याचा दोष गटप्रमुखावर येणार. तीन आठवडे तिथे बसून आलेल्या तुमच्यासारख्या व्यक्तीने हे वेळापत्रक वरिष्ठांसमोर मांडले पाहिजे, आणि ते मांडण्याचा अधिकार तुम्हाला त्याच दिवसांनी दिला आहे.

राहावे की सोडावे, यावर माझे मत असे आहे. एखाद्या वितरण कंपनीत तुमची प्रणाली सुरू होऊन तिच्यावर पूर्ण एक वर्ष बिले निघेपर्यंत राहा, कारण प्रणाली सुरू करणारे पुष्कळ असतात, पण तिच्या पहिल्या पावसाळ्यातून आणि पहिल्या मार्चमधून गेलेली माणसे फार थोडी असतात आणि या क्षेत्रात किंमत त्यांनाच आहे. तोपर्यंत गटात आणखी नवखे घेणार नाही आणि रात्रीच्या तातडीच्या कामाच्या पाळ्या ठरवून वाटल्या जातील, या दोन गोष्टी लेखी मागा. पुरवठा तोडण्याच्या आज्ञेविषयी वर दिलेल्या प्रश्नांना कंपनीने टाळाटाळ केली, तर मात्र वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : माझा मुलगा सरकारी वीज कंपनीत सात वर्षांपासून अभियंता आहे. मीटर आणि सॉफ्टवेअरची कामे घेणाऱ्या एका खासगी कंपनीने त्याला दीडपट पगार आणि कंपनीचे शेअर देऊ केले आहेत. त्याला जायचे आहे. आम्हा दोघा पतीपत्नींना कायम नोकरी सोडणे पटत नाही. ही कंपनी फार वेगाने वाढत आहे असे तो सांगतो. आपण काय सांगाल?
— निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर : गुरुजी, निर्णय मुलालाच घेऊ द्या, पण त्याने तो डोळे उघडे ठेवून घ्यावा यासाठी तुम्ही त्याला मदत करू शकता.

वेगाने वाढते म्हणजे काय वाढते, हे आधी पाहावे. मिळालेल्या कामांची रक्कम आणि हातात आलेला पैसा यांत या व्यवसायात मोठे अंतर असते. स्मार्ट मीटरच्या बहुतेक कंत्राटांत मीटर बसवण्याचा खर्च कंत्राटदार आधी करतो आणि त्याचे पैसे दरमहा दर मीटरमागे सुमारे दहा वर्षांच्या मुदतीत मिळतात, तेही आकडे ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या प्रमाणात आले तरच. सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी अशा कंत्राटदाराच्या हाताखाली असेल, तर तिचे पैसे आणखी मागे राहतात. खासगी कंपनीचा ताळेबंदही केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये शुल्क भरून पाहता येतो. त्यात ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम वर्षाच्या उलाढालीच्या किती आहे, ते पाहा. ती रक्कम उलाढालीहून वेगाने फुगत असेल, तर एखाद्या वितरण कंपनीने देयक अडवले की पगार लांबण्याची वेळ येऊ शकते. सरकारी नोकरीत सात वर्षे काढलेल्या माणसाला याची सवय नसते.

शेअरच्या बाबतीत पत्रातील प्रत्येक ओळ वाचायला सांगा. कायद्यानुसार ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे असे हक्क दिल्यापासून किमान एक वर्ष ते पक्के होत नाहीत. बहुतेक कंपन्या ते चार वर्षांत थोडे थोडे पक्के करतात. हक्क वापरून शेअर घेतल्यावर त्या वेळची किंमत आणि आपण भरलेली किंमत यांतील फरकावर पगारासारखा कर लागतो, आणि पुढे शेअर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर पुन्हा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसेल तर विकत घेणारा कोण, हाच मुख्य प्रश्न असतो. अशा कंपन्या पुष्कळदा मोठ्या कंपन्यांकडून विकत घेतल्या जातात. अमेरिकेत वीज ग्राहकांच्या वापराचे विश्लेषण करणारी ओपॉवर ही कंपनी २००७ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये ओरॅकलने ती सुमारे ५३ कोटी डॉलरना घेतली. मीटरच्या आकड्यांचे व्यवस्थापन करणारी ईमीटर ही कंपनी २०११ मध्ये सीमेन्सने घेतली. तसे घडेलच असे धरून घराचे कर्ज काढू नये. तुमच्या मुलाने शेअरची किंमत शून्य मानावी आणि केवळ पगारावर, कामावर व माणसांवर निर्णय टिकतो का ते पाहावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. सध्याच्या पदावर त्याच कंपनीची निविदा, तपासणी किंवा देयक त्याच्या हाताखालून जात असेल, तर प्रस्ताव आल्याचे वरिष्ठांना लेखी कळवून त्याने त्या कामातून आधी बाजूला व्हावे. यात कायद्याचा प्रश्न आहेच, पण तुमच्या घरात वाढलेल्या मुलाला कायद्यापर्यंत जाण्याची गरज पडू नये.

प्रश्न : मी आयटीआय वायरमन आहे आणि एका उपकंत्राटदाराकडे नगावर स्मार्ट मीटर बसवतो. जितके मीटर तितके पैसे. सोसायट्यांमध्ये लोक अडवतात, मीटर पळतो म्हणतात, शिवीगाळही होते. मुख्य कंपनीच्या नियंत्रण कक्षात मुले एसीत बसून काम करतात. मला तिथे जाता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : जाता येईल, आणि कसे ते पुढे सांगतो, आधी जिवाचे. नगावरच्या दरामुळे पुरवठा बंद न करता मीटर बदलण्याचा मोह होतो. एका मीटरमागे वाचणारी ती दहा मिनिटे घेऊ नका. पुरवठा तोडल्याची टेस्टरने नव्हे, मापकयंत्राने खात्री करा, हातमोजे घाला, आणि पावसात ओल्या फळीला हात लावू नका. कंत्राटदार त्यासाठी ओरडला तर त्याला ओरडू द्या. तुमचा भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आहे का आणि पासबुकात दरमहा रक्कम जमा होते का, हे तपासा; वेतन महिना २१ हजार रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) कार्डही मागा. उपकंत्राटदाराने वेतन थकवले तर वरच्या मुख्य कंपनीवर जबाबदारी येते, हे त्यालाही ठाऊक असते.

लोकांशी बोलताना खरे तेच सांगा. महाराष्ट्रात २०२४ मध्ये झालेल्या विरोधानंतर सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे राज्य सरकारने जाहीर केले, आणि आता टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसातील वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर या नावाने जे बसतात त्यांचे बिल पूर्वीसारखे वापरानंतरच येते. जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतील वापरावर सवलत मिळते, आणि ती मोजण्यासाठी वेळ नोंदवणारा मीटर लागतो. मीटर पळतो अशी शंका असेल तर ग्राहकाची चेष्टा करू नका. वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून निदान तीन महिने वापर ताडून पाहावा, असा नियम केंद्राने २०२४ मध्ये केला आहे. तो त्यांना सांगा. तेवढ्यानेही समाधान झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. जबरदस्तीने मीटर बसवून येण्यापेक्षा परत आलेले बरे.

आता नियंत्रण कक्षाविषयी. तिथल्या मुलांना पडद्यावर मीटर गप्प झाल्याचे दिसते, पण तो का गप्प झाला ते दिसत नाही. तळघरात सिग्नल नाही, लोखंडी पेटीत मीटर बंद आहे, न्यूट्रल सैल आहे, सिम नीट बसलेले नाही, ही कारणे तुम्हाला ठाऊक आहेत. बसवलेल्या मीटरपैकी जे दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत त्यांचा ठिकाण, कारण आणि उपाय यांचा तक्ता तीन महिने ठेवा. त्याच काळात संध्याकाळी संगणकावर एक्सेल पक्के करून घ्या. तो तक्ता घेऊन मुख्य कंपनीच्या जागेवरील अभियंत्याला भेटा. ज्या कंपनीला अशा माणसाचा उपयोग कळत नाही, तिचे मीटर गप्पच राहतील.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या कंपन्यांत जाण्यासाठी कोणते प्रमाणपत्र घ्यावे?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : प्रमाणपत्रावर पैसे घालण्यापूर्वी दोन भारतीय मानके वाचा. आयएस १६४४४ हे स्मार्ट मीटरचे आणि आयएस १५९५९ हे मीटरशी आकड्यांची देवाणघेवाण कशी करायची त्याचे. दुसऱ्यात डीएलएमएस ही भाषा भेटेल. तिच्यात प्रत्येक राशीला संकेतांक असतो, उदाहरणार्थ १.०.१.८.०.२५५ म्हणजे घराने आजवर घेतलेली एकूण युनिटे. त्यानंतर एसक्यूएल आणि पायथन या संगणकभाषा शिका. तुमच्या घरी किंवा शेजारी नवा मीटर बसला असेल, तर त्यावरील बटण दाबत जाऊन कोणकोणते आकडे दिसतात ते लिहून काढा, महिनाभर रोज रात्री ठरलेल्या वेळी वाचन नोंदवा, आणि बिल आल्यावर ते ताडून पाहा. फरक आढळला तर तो कशामुळे आहे ते शोधा आणि मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.